दुसरी बशी

मी एकदा उजव्या हाताच्या नुसत्या अंगठ्याने कॅन्सरच्या पेशी मारल्या होत्या. औषध नाही, किरण नाहीत, फक्त अंगठा. अशी बाई तुम्ही याआधी पाहिली नसेल, आणि देव करो नि पुन्हा पाहायची वेळ न येवो.

तेव्हा मी तिशीतली होते. बोईसरला, तारापूर एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये कामाला होते, आणि जगातली सगळी अक्कल आपल्या अंबाड्यात पिनांनी खोचून ठेवली आहे असा माझा समज होता. पिनांचं पुढे येईलच. आधी अंगठ्याचं सांगते.

आमच्याकडे नवी औषधं कॅन्सरच्या पेशींवर घालून बघायचं काम चाले. या पेशी काचेच्या बशीत, गुलाबी पाण्यात वाढवायच्या. काम झालं की त्यांच्यात निळा रंग घालायचा. जिवंत पेशी रंगाला दारातूनच परत पाठवते. मेलेली त्याला आत घेते आणि निळी होते. मग सूक्ष्मदर्शकाखाली बसून निळ्या किती आणि बिनरंगाच्या किती, ते मोजायचं. जप मोजायला बायका वापरतात तसलं बटणाचं यंत्र असतं ना, तसली दोन, दोन हातांत. उजवीकडे मेलेल्या, डावीकडे जिवंत. दर पेशीला अंगठ्याने एक टिक. माझी मान दुखायची, डोळे चुरचुरायचे, पण आकडा कधी चुकायचा नाही. "बाईंचा आकडा म्हणजे आकडा," असं खुद्द सर म्हणत.

सर म्हणजे आमचे लॅबप्रमुख. परदेशातून डॉक्टरेट करून आलेले, पन्नाशी ओलांडलेले, उंच आणि जरासे वाकलेले. सगळी लॅब त्या भांड्याला डिश म्हणे, सर मात्र बशी म्हणत. त्यांचं सगळं आयुष्य एका प्रश्नावर उभं होतं: "दुसरी बशी कुठाय?"

म्हणजे असं, की एका बशीत औषध घातलं आणि पेशी मेल्या, तर त्यात काय विशेष? त्या तशाही मेल्या नसत्या कशावरून? म्हणून शेजारी दुसरी बशी हवी. तसलीच, तेवढ्याच पेशींची, फक्त औषध न घातलेली. हे सगळ्याच लॅबांत करतात. पण सर ते घरीही करत, दारीही करत, कॅन्टीनमध्येही करत. त्यांचा एक बूट पॉलिशने चकचकीत असे आणि दुसरा केळीच्या सालीने घासलेला. महिनाभर तसेच हिंडत. लोक हसले की पाय पुढे करून विचारत, "कुठला कुठला ते सांगा बरं. हसण्याआधी सांगा." अकाउंटमधले एक गृहस्थ सांगत होते, की अमुक एका खड्याची अंगठी घातली आणि मुलीचं लग्न जमलं. सरांनी अत्यंत आस्थेने विचारलं, "आणि दुसरी मुलगी, बिनअंगठीची? तिचं जमलं का?" त्यांना दुसरी मुलगीच नव्हती. "मग काय सांगता येणार!" सर हळहळले. खरोखरच हळहळले हो. थट्टा करतायत असं समोरच्याला वाटे, पण त्यांना थट्टा येतच नसे.

दुसरं वेड चुंबकाचं. खिशात कायम एखादं चुंबक. त्याने गेटवर हजेरी लावायच्या कार्डाची पट्टी पुसली जाई, की सर गेटबाहेर उभे. गेटवरचा बिहारकडचा रखवालदार हताश होऊन म्हणे, "साहब, फिर मार डाला कार्ड को?" सर त्याला समजावत, "मारा नहीं, सिर्फ भूल गया है." मग तो बाजूचं दार हाताने उघडून त्यांना आत घेई. कार्ड खिशातल्या चुंबकानेच जातं याची खात्री करायला सरांनी एकदा दोन कार्डं करून मागितली होती. ऑफिसने काय उत्तर दिलं ते मी इथे लिहीत नाही.

चुंबकाने कॅन्सरच्या पेशींवर काही परिणाम होतो का, हे त्यांना बघायचं होतं. कंपनीचं काम नव्हतं ते. कंपनीचं काम ते चोख करत, म्हणून मालकाने एक जुना उबवणी-पेटारा त्यांना खेळायला दिला होता. उबवणी-पेटारा म्हणजे पेशींना अंगाइतकी ऊब देणारं कपाट. त्यात त्यांनी तांब्याच्या तारेच्या दोन गुंडाळ्या बसवल्या. दिसायला जुळ्या बहिणी. दोन्हींत तार दुहेरी. एकीत दोन्ही पदरांतून वीज एकाच दिशेने जाई आणि आत चुंबकी क्षेत्र तयार होई. दुसरीतही तेवढीच वीज जाई, पण एका पदरातून सुलट आणि दुसऱ्यातून उलट, म्हणजे दोन्ही प्रवाह एकमेकांचं चुंबकत्व खाऊन टाकत. "दोन्ही सारख्याच गरम होतात, सारख्याच गुणगुणतात," सर सांगत. "नाहीतर पेशी उष्णतेने मरायच्या आणि आपण चुंबकाच्या नावाने पेढे वाटायचे." कुठली खरी आणि कुठली खोटी, ते एका बटणावर ठरे. नाणं उडवून सर बटण फिरवत, लाकडी पेटीत बंद करत आणि किल्ली खिशात टाकत. मी मोजणार, म्हणून मला ते कळता कामा नये. "मोजणाऱ्याला कळलं, की त्याचा अंगठा हलतो," ते म्हणत. "मुद्दाम नव्हे, बाई. माणूस प्रेमाने हलतो."

आता पिन. एकदा पेटाऱ्यात वाकून बशी काढताना माझ्या अंबाड्यातली काळी पिन सुटली. मी ती पटकन धरली, आणि ती बोटांत थरथरली. माशीचा पंख धरल्यासारखी. दुसऱ्या गुंडाळीपाशी नेली, तर गप्प. झालं! परदेशातली डॉक्टरेट, नाणं, पेटी, किल्ली, सगळं एका काळ्या पिनेने उघडं पाडलं होतं.

त्या क्षणी मी सरांना सांगायला हवं होतं. शहाण्या बाईने सांगितलं असतं. मी अंबाडा नीट केला आणि गालातल्या गालात हसत बसले. एवढ्या मोठ्या माणसाला जे ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक आहे, याची चव काही वेगळीच असते. मी ती कित्येक महिने चघळली. मोजणी मात्र प्रामाणिक करत होते, तेवढं माझ्या पदरात टाका.

आणि मोजून निघायचं काय? काही नाही. दर खेपेला दोन्ही बश्या सारख्या. इकडे तिकडे दोन-चार पेशी, बस. मला कंटाळा येई, सरांना मुळीच येत नसे. "काही झालं नाही, हे आज कळलं की नाही?" असं म्हणून ते खुशीत एक चहा साखरेचा आणि एक बिनसाखरेचा मागवत, नि शिपायाला कुठला कुठला ते सांगू नकोस म्हणत.

परवाच पालघरला बाजारात गेले होते. स्टेशनबाहेर एकजण चुंबकाची कडी विकत होता. सांधे, साखर, रक्तदाब, गाठी, सगळ्यावर एकच कडं. मी म्हटलं, "बिना चुंबकवाला भी दिखाओ. एक हात में ये, एक हात में वो." तो म्हणाला, "दादी, बिना मॅग्नेट का कौन खरीदेगा?" मी म्हटलं, "मी एका माणसाला ओळखते, त्याने घेतलं असतं." त्याला काही कळलं नाही. मीही मग भाजी विसरूनच घरी आले. नात म्हणते, आजी, अजूनही यावर संशोधन चाललंय, मोठ्या मोठ्या ठिकाणी. असेल. चालावंच. कधी बशीत काही दिसतं, कधी दिसत नाही. पण बशीपासून माणसापर्यंतचा रस्ता फार लांबचा आहे, आणि तो मी अंगठ्याने एका टिकसरशी पार केला होता.

सरांची बायको माहीमची. आपल्या इथलं, केळव्याजवळचं माहीम. माहेरी वाडी, पानवेली. सर जितके लांब आणि वाकलेले, तितक्या काकू ठेंगण्या आणि ताठ. बोईसरला दुसऱ्या मजल्यावर राहत. माहेरची खायची पानं आली की अर्धी माझ्याकडे पाठवत. नवऱ्याच्या दोन-दोनच्या खेळाला त्या पुरेपूर ओळखून होत्या. "लग्नाच्या टायमाला दुसरी कुटं हाय ते इचारलं नाय, तेवडं नशीब माजं," असं त्या सरांच्या देखत म्हणत, आणि सर गंभीरपणे उत्तर देत, "तेव्हा मी विज्ञान नुकतंच शिकत होतो."

त्या काकूंना छातीत गाठ निघाली.

ऑपरेशन झालं, मग मुंबईला दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषध सुरू झालं. केस गेले, तोंडाची चव गेली. घासभर पेज गिळायला त्यांना अर्धा तास लागे. सर रजा टाकून न्यायचे, आणायचे, आणि दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये. फक्त दोन्ही बूट एकसारखे मळलेले असायचे, त्यावरून काय ते आम्हाला कळे.

एका संध्याकाळी मी चुंबकाच्या बश्या मोजून आकडे त्यांच्यासमोर ठेवले. नेहमीसारखेच, सारखे. सरांनी कागद दिव्याखाली धरला, पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग म्हणाले, "बाई, परत मोजता?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला परत मोजायला कधी सांगितलं नव्हतं. बाईंचा आकडा म्हणजे आकडा. मी मान वर करून पाहिलं, तर चष्म्यामागे जे डोळे होते ते लॅबप्रमुखाचे नव्हते. त्या वेळी कुणीतरी त्यांनाच विचारायला हवं होतं, सर, तुमची दुसरी बशी कुठाय? विचारायला तिथे मीच होते. आणि मी काय केलं? मी पेटाऱ्यापाशी गेले, अंबाड्यातली पिन काढली, खरी गुंडाळी कुठली ते पाहिलं, आणि परत येऊन मोजायला बसले. उजवा अंगठा थोडा जास्त चालवला. फार नाही. एका दुःखी माणसाला एक संध्याकाळ बरी जावी, एवढाच.

सरांनी पेटी उघडून बटण पाहिलं, आकडे पाहिले, आणि खुर्चीत टेकले. "अरे," एवढंच म्हणाले.

माझा हिशोब असा, की उद्या ते विसरतील. मूर्ख! ज्या माणसाने केळीच्या सालीचा बूट महिनाभर घातला, तो हे एकदा पाहून सोडणार होता? त्यांनी पुन्हा लावलं. आता जर काही निघालं नाही, तर पहिला आकडा खोटा ठरेल, आणि त्यांचा चेहरा परत तसा होईल. म्हणून पुन्हा पिन, पुन्हा अंगठा. मग तिसऱ्यांदा. चौथ्या खेपेपर्यंत मला स्वतःलाच खरं वाटायला लागलं होतं. निळ्या जरा जास्तच दिसतायत की! अंगठा कधी खोटं बोलत होता आणि कधी खरं, ते शेवटी मलाच सांगता येईना.

त्यानंतर सर लॅबमध्ये उशिरापर्यंत थांबेनात. लवकर घरी जात. मला बरं वाटलं. म्हटलं, बघा, माझ्या अंगठ्याने माणूस वेळेवर घरी जायला लागला.

पुढे एका रविवारी इथल्या किनाऱ्यावरच्या नवापूरच्या कोळणीकडून ताजे बोंबील घेतले आणि म्हटलं, काकूंना देऊन येऊ, दोन घास गेले तर गेले. दार लोटलेलंच होतं. आतून आवाज आला, "ये गो बाय, मी उटू शकत नाय, मी पिंपात हाय."

खरंच पिंपात होत्या. एमआयडीसीच्या रस्त्याला भंगारवाल्यांकडे रसायनांची निळी प्लास्टिकची पिंपं मिळतात. सरांनी तसलं एक मोठं पिंप आणून त्याचं रुंद कडं कापलं होतं, त्यावर तांब्याची तार गुंडाळली होती, आणि ते खुर्चीला दोऱ्यांनी असं बांधलं होतं की बसलेल्या माणसाच्या छातीभोवती यावं. मधोमध काकू, डोक्याला फडकं बांधून, चौरंगावरच्या गणपतीसारख्या.

"बग, तुज्या सायबानं काय केलं माजं," त्या हसत म्हणाल्या. "आता झाकान लावायचं तेवडं बाकी हाय. काय आणलंस? बोंबील ना? दारातूनच वास आला मला!"

"वास येतो तुम्हाला?" मी आनंदाने विचारलं.

"येतो म्हंजे काय! चव पन आली. भूक लागते. ती सलाईन सोडली ना, तवापासून."

माझ्या हातातली पिशवी खाली कधी ठेवली गेली ते मला आठवत नाही. "सोडली?"

"दोन खेपा गेलीच नाय मी. कशाला जायचं? ह्यांच्या बशीत मरतात ना त्या मेल्या, मग हितं बसून मारू. उलट्या नाय, काय नाय."

सर स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. हातात चहाचे दोन कप. "मी नको म्हटलं होतं, बाई," ते म्हणाले. मग कपांकडे बघत, "म्हणजे, पहिल्या वेळी म्हटलं होतं."

मी तिथेच, उभ्याउभ्या, सगळं सांगितलं. परत मोजा म्हणालात तेव्हापासूनचं. रडले नाही, रडायचं सुचलंसुद्धा नाही. सरांनी कप खाली ठेवले. मला वाटलं, आता हाकलून देतील. त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "पिन द्या."

मी अंबाड्यातून काढून दिली. ते काकूंच्या खुर्चीपाशी गेले, वाकले, आणि पिन कड्याजवळ धरली. त्यांच्या बोटांत ती थरथरताना मला तिथून दिसत होती.

"अरे, खरंच की," सर म्हणाले. "हे मला सुचायला हवं होतं." आणि त्यांनी खाली बसून भिंतीतलं बटण बंद केलं. गुणगुण थांबली, तेव्हा कळलं की इतका वेळ ती चालू होती.

काकू आळीपाळीने आम्हा दोघांकडे बघत होत्या. "म्हंजे मेल्या नायत त्या?" त्यांनी विचारलं.

सर खुर्चीच्या दोऱ्या सोडू लागले.

"बरं," काकू म्हणाल्या. "मग बाय, ते बोंबील आत्ताच तळ. उद्या परत चव जाईल माजी."

मी तळले. सर बाहेर फोनवर हॉस्पिटलशी बोलत होते, चुकलेल्या खेपा कशा भरून काढायच्या ते विचारत होते. काकूंनी ताट संपवलं, काटा अन् काटा चोखला. इतके वाईट बोंबील मी आयुष्यात तळले नाहीत. अर्धे करपले होते. त्या म्हणाल्या, "झकास."

सरांनी लॅबमध्ये कुणालाही काही सांगितलं नाही. माझी नोकरी राहिली. गुंडाळ्या उलगडून तांबं त्यांनी भंगारात दिलं. माझ्या हातातली मोजणीची यंत्रं मात्र काढून घेतली, आणि त्यानंतर माझ्याकडून एकही पेशी मोजून घेतली नाही. मला बश्या धुवायचं, औषधं मोजून घालायचं काम दिलं. रागावून नव्हे. "बाई, तुमचा अंगठा प्रेमळ आहे," एवढंच म्हणाले. याहून जोरात मला आजवर कुणी मारलेलं नाही.

काकूंची सलाईन पुन्हा सुरू झाली. पण त्या पुढच्या आंब्यांच्या दिवसांत गेल्या. डॉक्टरांनी सरांना काय सांगितलं ते सरांनाच ठाऊक. मला विचारायची हिंमत झाली नाही. रोज समोर बसायचे, पाच पावलांवर, आणि मी बश्या धूत राहायची.

सर निवृत्त झाले आणि सासुरवाडीला, माहीमला जाऊन राहिले. मेव्हण्यांच्या वाडीत पानवेलींची देखभाल करू लागले. मी गेले तिथे, दोन वर्षांनी. इतके दिवस का लावले म्हणाल, तर प्रश्न तोंडात धरून होते आणि तो गिळवत नव्हता.

वाडीत ओलसर अंधार होता. सर वेली दोरीने बांधत होते. मी पाहिलं तर एका ओळीला सुंभाची दोरी, शेजारच्या ओळीला केळीच्या वाळल्या सोपटाची. माझ्या नकळत मला हसू आलं, त्यांनाही आलं. मग बराच वेळ आम्ही पावसाचं, पानांच्या भावाचं, त्या गेटवरच्या रखवालदाराचं बोललो. तो गावी परत गेला होता. निघताना मी विचारलंच.

"सर, त्या दोन खेपा चुकल्या नसत्या, तर काकू राहिल्या असत्या का?"

त्यांनी हातातली गाठ पुरी केली. दोरीचं टोक खिशातल्या सुरीने कापलं. सुरी मिटून परत खिशात टाकताना आतल्या चुंबकाला चिकटली, ती त्यांनी सोडवली. आणि इतक्या वर्षांत मला नेहमी बाई आणि तुम्ही म्हणणारा तो माणूस म्हणाला:

"अगं, ती एकच होती. दुसरी बशी कुठून आणू?"